कुंपणाचा हिशेब

घराभोवतीचे कुंपण ही जागेची पहिली खूण असते, पण घरबांधणीच्या हिशेबात त्याची आठवण सर्वांत शेवटी होते. पाया, भिंती, स्लॅब, फरशी, रंग असे एकेक काम उरकत जाते, हातातली रक्कम आटत जाते आणि उरल्यासुरल्या पैशांत कुंपण बसवायचे ठरते. मग जी तार स्वस्त ती घेतली जाते, जिथे सोयीचे तिथे खड्डे खणले जातात आणि काही वर्षांनी त्याच कुंपणावरून शेजाऱ्याशी बोलणे तुटते. घरातली भिंत चुकली तर ते घरच्यांपुरते राहते. कुंपण चुकले तर ते दोन घरांच्या मध्ये येते. म्हणून कुंपणाचे अंदाजपत्रक घराच्या नकाशाबरोबरच मांडले पाहिजे, आणि त्यात सामानाच्या आधी काही वेगळ्या खर्चांना जागा दिली पाहिजे.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव. मराठवाड्यातल्या अशा जुन्या गावांत घराला वेगळे कुंपण घालण्याची गरज फारशी नव्हती. माळवदाची घरे एकमेकांना पाठ लावून उभी असत. पांढऱ्या मातीची जाडजूड भिंत हेच घराचे बांधकाम आणि तीच त्याची हद्द. दोन घरांत अनेकदा एकच सामाईक भिंत असे. आत चौक, चौकात तुळस, बाजूला गोठा आणि गल्लीकडे तोंड केलेला एक मोठा दरवाजा; माणसे, जनावरे, धान्य सगळे त्या एका दाराच्या आत. कुंपण लागे ते शेताला, खळ्याला आणि परसातल्या भाजीच्या वाफ्यांना.

घराचे कुंपण नव्हते, कारण गावालाच गावकूस होते. मातीची तटबंदी, तिच्यात वेस, आणि मोठ्या गावात देशमुख-पाटलाची गढी. याच जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर 23 सप्टेंबर 1803 रोजी मराठ्यांच्या आणि आर्थर वेलस्लीच्या फौजा भिडल्या, तेव्हा असई हे मातीच्या भिंतीआडचे एक खेडेच होते. त्या भिंतीच्या आधाराने झालेल्या माऱ्यात इंग्रजांच्या 74 व्या पलटणीचे फार मोठे नुकसान झाले. अशा भिंती उभारणे आणि दर पावसाळ्यानंतर लिंपणे हा साऱ्या गावाचा खर्च होता. पेंढाऱ्यांचा काळ सरला, राज्ये बदलली आणि गावकुसाची गरज संपली तशी ती माती हळूहळू खचत गेली.

या व्यवस्थेची एक बाजू विसरता येत नाही. बलुतेदारीत गावाच्या आणि शेतांच्या हद्दी दाखवण्याचे काम महारांकडे असे. तंटा उभा राहिला की गोतसभेपुढे त्यांची साक्ष वजनदार मानली जाई आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. गावची शीव कुठून कुठे जाते हे ज्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते, त्यांची वस्ती मात्र गावाने कुसाबाहेर ठेवली. हद्दीचे ज्ञान एकाकडे आणि हद्दीच्या आतले संरक्षण दुसऱ्याकडे, ही विषमता प्रत्येक कुंपणाच्या इतिहासात मुरलेली आहे. आज घराभोवती भिंत घालणाऱ्याने ती कुणाला बाहेर ठेवते आहे, कुणाची वाट अडवते आहे, हे पाहणे म्हणूनच त्याच्या हिशेबाचा भाग ठरते.

गेल्या काही दशकांत चित्र पालटले. कुटुंबे विभागली, जुने वाडे वाटणीला पुरेनात, आणि घरे गावठाणातून बाहेर सरकून रस्त्यांच्या कडेला, मोकळ्या प्लॉटवर बांधली जाऊ लागली. सिमेंटचे सुटे घर, समोर अंगण, बाजूला गाडीची जागा, मागे न्हाणी आणि दोन-चार झाडे अशी रचना आली. घराची भिंत आता हद्दीपासून आत आहे, म्हणून हद्द दाखवणारी दुसरी भिंत हवी झाली. पूर्वी जो खर्च साऱ्या गावाने मिळून केला, तो आता एकेका घराला स्वतंत्रपणे पेलावा लागतो.

त्या खर्चाची सुरुवात कागदापासून होते. गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये असते. ही कर आकारणीची नोंद आहे; तिच्यावरून मालकीचा किंवा हद्दीचा निर्णायक पुरावा मिळत नाही. जुन्या खरेदीखतांत तर मापांऐवजी चतुःसीमाच लिहिलेल्या आढळतात: पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस सरकारी रस्ता. शेजारचे घर विकले गेले, रस्ता रुंद झाला की त्या सीमा कागदावरच राहतात. ही उणीव भरून काढण्यासाठी महाराष्ट्राने ड्रोनच्या साह्याने गावठाणाची मोजणी सुरू केली. पुरंदर तालुक्यातील सोनोरी हे तिच्या पथदर्शी प्रयोगाचे गाव. पुढे 24 एप्रिल 2020 रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना जाहीर केली. या मोजणीत ड्रोन उडवण्याआधी जमिनीवर चुन्याने हद्दी आखल्या जातात, वरून छायाचित्रे घेतली जातात, चौकशी होते आणि मालकाला मिळकत पत्रिका मिळते. आपल्या जागेची अशी पत्रिका तयार झालेली असेल, तर तिच्यावरचा नकाशा आणि क्षेत्रफळ हाच कुंपणाचा पहिला आधार. घर गावठाणाबाहेर गट नंबरात असेल, तर सातबारा, गटाचा नकाशा आणि बिनशेती आदेशासोबतचा मंजूर आराखडा पाहावा लागतो.

कागदावरची रेघ जमिनीवर आणण्याचे काम भूमि अभिलेख खात्याचे. तालुक्याच्या उपअधीक्षक कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीसाठी अर्ज करायचा, शासनाने ठरवलेले शुल्क भरायचे, लगतच्या मालकांना नोटिसा जातात, भूकरमापक येऊन हद्दीच्या खुणा दाखवतो आणि नंतर मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळते. हा खर्च टाळण्याकडे अनेकांचा कल असतो, कारण त्यातून डोळ्यांना दिसणारे काहीच उभे राहत नाही. प्रत्यक्षात अंदाजपत्रकातली सर्वांत फळणारी रक्कम हीच. खुणा दाखवल्या त्याच दिवशी तिथे दगड किंवा सिमेंटचे खुंट पुरावेत, शेजाऱ्यांच्या समक्ष त्यांचे फोटो काढावेत आणि ‘क’ प्रत खरेदीखताबरोबर जपून ठेवावी.

अंदाजाने घातलेले कुंपण दोन्हीकडून महाग पडते. रेघेच्या पलीकडे गेले तर अतिक्रमण होते. ग्रामपंचायतीची किंवा शेजाऱ्याची नोटीस येते, बांधलेले पाडावे लागते आणि पाडायची मजुरीही स्वतःच द्यावी लागते. रेघेच्या आत राहिले तर बाहेर सुटलेली पट्टी दुसऱ्याच्या वापरात जाते. 1963 च्या मुदत कायद्यानुसार खाजगी जागेवर बारा वर्षांहून अधिक काळ उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काविरुद्ध ताबा राहिला, तर मूळ मालकाचा परत मागण्याचा हक्कच धोक्यात येतो. वाद नको म्हणून फूटभर आत घेतलेली तार पुढच्या पिढीसाठी वादाचे कारण ठरू शकते. सलोखा राखायचा तर जागा सोडण्याऐवजी रेघ पक्की करावी.

मोजणीनंतर शेजाऱ्याशी बोलणे येते, आणि तेही हिशेबाचेच काम आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात 1991 चा कुंपणविषयक कायदा आहे; पुरेशा दर्जाच्या सामाईक कुंपणाचा खर्च दोन्ही मालकांनी सारखा उचलावा, असे त्याचे सर्वसाधारण सूत्र. इंग्लंड आणि वेल्समध्ये सामाईक भिंतींसाठी 1996 चा कायदा आहे. महाराष्ट्रात शेजाऱ्यावर निम्मा खर्च घालणारा असा स्वतंत्र कायदा नाही. सगळे परस्पर समजुतीवर चालते. म्हणून भिंत रेघेच्या मधोमध घ्यायची की पूर्णपणे आपल्या जागेत, खर्च दोघांचा की एकाचा, गिलावा कोणत्या बाजूने, पुढे दुरुस्ती कुणाची, हे आधी बोलून मुद्रांक कागदावर लिहून ठेवावे आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. दोघांनी मिळून एक भिंत घातली तर त्या बाजूचा खर्च निम्म्यावर येतो, शिवाय दोन भिंतींच्या मध्ये कचरा आणि साप साठवणारी बोळही तयार होत नाही.

बोलणी अडली तर गावातच वाट असते. राज्याची महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झाली ती अशाच वादांसाठी. शेतजमिनीच्या ताब्याचे तंटे अदलाबदलीने मिटावेत म्हणून 2023 मध्ये आणलेल्या सलोखा योजनेत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी प्रत्येकी एक हजार रुपयांवर आणली गेली. ती योजना घराच्या जागेला लागू होत नाही, पण हद्दीच्या भांडणात गावाचा किती पैसा आणि किती वर्षे जातात हे सरकारनेही ओळखले, एवढे तिच्यावरून दिसते. दिवाणी दाव्यातल्या वकिलाच्या फीमध्ये आणि तारखांच्या हेलपाट्यांमध्ये जाणाऱ्या पैशांत साध्या कुंपणाऐवजी पक्की भिंत उभी राहिली असती, अशी घरे प्रत्येक तालुक्यात भेटतात.

परवानगीचाही विचार आधीच व्हावा. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात बांधकामाला पंचायतीची पूर्वपरवानगी सांगितली आहे आणि इमारत या संज्ञेत भिंत व ओटाही येतो. सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा काढून टाकण्याचा अधिकारही पंचायतीला आहे. 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीचे क्षेत्र असेल, तर कुंपणभिंतीची उंची सर्वसाधारणपणे समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून 1.5 मीटर धरली जाते, वरचा 0.9 मीटर भाग जाळीसारखा उघडा ठेवला तर 2.4 मीटरपर्यंत जाता येते. भिंत उंच करून सुरक्षितता वाढतेच असे नाही. रस्त्यावरून घर दिसणे बंद झाले की शेजाऱ्यांची नजरही तुटते, आणि गावात तीच सर्वांत जुनी राखण आहे.

वाट आणि पाणी या दोन गोष्टी नकाशात नसल्या तरी जमिनीवर असतात. मागच्या घराची ये-जा किंवा वरच्या अंगणाचे पावसाचे पाणी वीस वर्षे हक्काने आणि विनाखंड एका जागेतून चालत आले असेल, तर कायद्याने त्याला सुखाधिकाराचे स्वरूप येते. ते अडवून घातलेली भिंत टिकत नाही. जालना जिल्ह्यात वर्षाचा पाऊस साधारण साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर. त्यातला बराचसा मोजक्या जोरदार सरींत कोसळतो. उताराच्या बाजूला भिंतीच्या तळाशी पाण्यासाठी भोके किंवा चार इंची पाइप न ठेवल्यास पाणी तुंबते, पाया भिजतो आणि भिंत कलते. हे पाइप बांधताना नगण्य किमतीत बसतात. नंतर भिंत फोडून बसवायचे तर मिस्त्रीची मजुरी, डागडुजी आणि शेजाऱ्याची नाराजी असे सगळेच वाढते.

यानंतर कुंपण कशासाठी हवे हे ठरवावे, कारण प्रकार त्यावरून निवडला जातो. फक्त हद्द दाखवायची असेल तर चार तारा पुरतात. शेळ्या, कुत्री, डुकरे अडवायची तर तळापासून जाळी हवी. तारेच्या दोन पदरांतून शेळी सहज आत येते. रस्त्याची धूळ आणि बाजाराच्या दिवसांतल्या गाड्यांचा गोंगाट कमी करायचा तर भिंत किंवा दाट झाडी. वाळवणासाठी घरापुढे मिरची पसरायची असेल, तर वारा खेळता राहिला पाहिजे. चारही बाजूंनी उंच भिंत त्या अंगणाच्या उपयोगाची नाही.

हिशेब समजण्यासाठी 40 बाय 60 फुटांचा एक प्लॉट घेऊ. क्षेत्रफळ 2,400 चौरस फूट, परिघ 200 फूट. बारा फूट गेटला सोडले तर 188 फूट कुंपण राहते. उंची पाच फूट धरू. पुढचे सगळे आकडे या मापाचे आहेत. आपल्या प्लॉटचा परिघ वेगळा असेल तर त्याच प्रमाणात ते बदलतील. दर रोज बदलतात, पण माल किती लागतो हे गणित बदलत नाही, आणि ते हाती असले की कुणाही दुकानदारापुढे मालक अडाणी ठरत नाही.

सर्वांत जुना प्रकार काट्यांचा. बाभळी-बोरीच्या फांद्या, तुराट्या आणि पऱ्हाट्या रचून केलेल्या कुपाटीला पैसा लागत नाही असे वाटते, पण श्रम दरवर्षी लागतात. इंग्रजांच्या मीठ-जकातीच्या सीमेवर घातलेले आणि दक्षिणेकडे बुऱ्हाणपूरपर्यंत आलेले प्रचंड कुंपण हे याचे मोठे उदाहरण. 1867 ते 1870 या काळात त्याचा कारभार पाहणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे, यांनी हिशेब मांडला होता: एक मैल सुक्या काट्याच्या कुंपणाला 250 टन काटेरी माल लागतो, तो दूरवरून वाहून आणावा लागतो, आणि वाळवी, आग, वादळ त्याला टिकू देत नाहीत. म्हणून त्यांनी जिवंत झाडांच्या कुंपणावर भर दिला. 1879 मध्ये ती जकातसीमाच मोडीत निघाली. फुकट दिसणाऱ्या कुंपणाचा खरा खर्च देखभालीत असतो, हे मात्र त्या हिशेबाने कायमचे दाखवून दिले.

जिवंत कुंपणासाठी मेंदी, करवंद, सागरगोटा, चिलार, घायपात, निवडुंग असे पर्याय आहेत. शेर या झुडपाचा चीक डोळ्यांना घातक असल्याने लहान मुले असलेल्या घरी तो टाळावा. रोपांचा खर्च थोडा. खरा खर्च पहिल्या दोन उन्हाळ्यांच्या पाण्याचा आणि झाडे वाढेपर्यंत शेळ्यांपासून राखण्याचा. दुसरा खर्च जागेचा. तीन फूट रुंद वाढलेली झाडी 188 फूट लांबीत 564 चौरस फूट व्यापते, म्हणजे या प्लॉटचा जवळजवळ चौथा हिस्सा. सहा इंची भिंत त्याच लांबीत फक्त 94 चौरस फूट घेते. मोठ्या जागेत जिवंत कुंपण उत्तम. लहान प्लॉटवर ते एका बाजूला, पश्चिमेच्या उन्हाकडे, एवढेच परवडते.

काटेरी तारेचे तंत्र 1874 मध्ये अमेरिकेत जोसेफ ग्लिडन यांनी पेटंट घेतल्यानंतर जगभर पसरले. तारेच्या कुंपणात आठ फुटांवर एक याप्रमाणे 25 खांब लागतात. सात फुटी खांबातले दोन फूट जमिनीत, पाच फूट वर. 40 मि.मी. रुंद आणि 5 मि.मी. जाड लोखंडी अँगल मीटरला सुमारे 3 किलो भरतो. म्हणजे खांबांचे वजन 160 किलोच्या आसपास. कोपऱ्यांना आणि गेटजवळ तिरके टेकू दिले नाहीत तर तार ताणली की खांब आत झुकतात. असे दहा टेकू धरले तर आणखी 65 किलो वाढतात. जालना हे सळई आणि लोखंडाच्या रोलिंग मिलांचे शहर. तिथला भाव विचारून मगच तालुक्याच्या दुकानात सौदा करावा, पण भाडे आणि हमाली धरूनच तुलना करावी. खांबांच्या खड्ड्यांना साधारण 50 घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास काँक्रीट लागते, आणि त्यात नऊ पोती सिमेंट.

पाच पदरी तारेला 940 फूट, ताण आणि गाठींसह 1,030 फुटांच्या जवळपास, म्हणजे 315 मीटर तार लागते. तार किलोने मिळते आणि इथेच हिशेब फसतो. 14 गेजची तार 12 गेजपेक्षा बारीक असल्याने एका किलोत सुमारे 70 टक्के जास्त लांब भरते. स्वस्त वाटणारे कुंपण अनेकदा केवळ बारीक तारेचे असते आणि जस्ताचा मुलामा पातळ असेल तर लवकर गंजते. म्हणून कोटेशन घेताना गेज, मुलामा आणि मीटरमध्ये लांबी लिहून घ्यावी. जाळी लावायची असेल तर 940 चौरस फूट जाळी, तिला धरायला वर, मध्ये आणि खाली तीन आडव्या तारा, आणि खांब तेच. तारेत थेट वीज सोडण्याचा विचारही करू नये. ते बेकायदा आहे आणि त्याने माणसे मरतात.

तयार सिमेंटच्या फळ्यांचे कुंपण अलीकडे फार दिसते. खाचा असलेले खांब उभे करायचे आणि त्यांत फळ्या सरकवायच्या. काम दोन-तीन दिवसांत उरकते, पाणी कमी लागते, आणि हद्द बदलली तर ते उकलून दुसरीकडे नेता येते. त्याचे दुखणे एकच: खांब उथळ पुरला आणि जमीन काळी असली की रांग वाकडी होते.

पक्क्या भिंतीसाठी 16 बाय 8 इंच तोंडाचे सहा इंची सिमेंट ब्लॉक घेतले तर सुमारे 1,060 आणि फूटतूट धरून 1,110 ब्लॉक लागतात. पायाची चर दीड फूट रुंद आणि अडीच फूट खोल धरली तर सात ब्रास खोदाई होते. गिलावा एका बाजूने 940 चौरस फूट, दोन्ही बाजूंनी 1,880. भिंतीच्या माथ्यावर सिमेंटची उतरती टोपी हवी, नाहीतर पाणी वरून मुरते. सिमेंटवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला; त्याआधीची कोटेशने वापरायची असतील तर ती नव्याने मांडून घ्यावीत.

या भिंतीचे भवितव्य जमिनीवर ठरते. मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावर टेकलेली हलकी, लांब भिंत दरवर्षी वर-खाली होऊन तडकते. घरावर वजन असते, तसे कुंपणभिंतीवर नसते. म्हणून घर शाबूत आणि कंपाउंड तडकलेले असे दृश्य सर्वत्र आढळते. काम ठरवण्याआधी दोन कोपऱ्यांत खड्डे खणून मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे. मुरूम दोन-तीन फुटांवर असेल तर चर तिथपर्यंत न्यावी. खोल असेल तर सलग पायाऐवजी ठराविक अंतरावर मुरमापर्यंत नेलेले काँक्रीटचे खांब आणि त्यांना जोडणारी तुळई घ्यावी, आणि लांब भिंतीत मध्येमध्ये सांधा सोडावा. काळी माती फारच खोल असेल तर भिंतीचा हट्ट सोडून जाळी निवडणे शहाणपणाचे. तारेला तडा जात नाही.

गेटचा खर्च बहुतेकांच्या अंदाजापेक्षा जास्त निघतो. अरुंद गल्लीतून ट्रॉलीसह ट्रॅक्टर वळून आत यायचा तर बारा फूट तोंड लागते; शिवाय माणसांसाठी वेगळा झडप-दरवाजा ठेवला की मोठे गेट रोज उघडावे लागत नाही आणि बिजागऱ्या टिकतात. गेट आतल्या बाजूला उघडावे. रस्त्यावर उघडणारे गेट दुसऱ्याच्या वाटेत येते. गेटचे खांब कुंपणाच्या खांबांपेक्षा दणकट हवेत, कारण सारे वजन त्यांच्यावर लटकते.

मजुरी ठरवताना गुत्त्याने द्यायचे की रोजाने, हा प्रश्न येतो. गुत्ता दिला तर काम लवकर होते, पण पायाची खोली आणि सिमेंटचे प्रमाण यांत काटछाट होण्याचा धोका असतो. म्हणून गुत्तेदाराशी धावत्या फुटावर दर ठरवताना चरीची खोली, खांबांमधले अंतर, मालाचा प्रकार आणि पाणी मारण्याची जबाबदारी लिहून घ्यावी. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि चर बुजवण्याआधी स्वतः फूटपट्टी लावून पाहावी.

कामाची वेळ पिकाशी जुळवली तर पैसा वाचतो. पिंपळगावच्या बाजारात हिरव्या मिरचीची आवक पावसाळ्यात भरात असते. घरात रोकड तेव्हा येते, पण मजूर तोडणीत गुंतलेले असतात आणि काळ्या मातीत चर ढासळते. त्यापाठोपाठ कापसाची वेचणी. उन्हाळ्यात माणसे मिळतात, तर पाणी नसते. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्याला पिण्यासाठीही टँकरवर विसंबावे लागले होते. सिमेंटच्या कामाला किमान सात ते दहा दिवस पाणी मारावे लागते, आणि विकतच्या पाण्याने ते केले तर खर्च वाढतो किंवा टाळले तर भिंत कच्ची राहते. म्हणून मिरचीच्या पैशातला ठरलेला वाटा वेगळा काढून ठेवावा आणि काम संक्रांतीनंतर, होळीच्या आत उरकावे. तेव्हा विहिरींना पाणी असते, जमीन धरलेली असते आणि मजूर मोकळे होऊ लागतात.

एकूण बेरजेवर दहा टक्के आकस्मिक खर्च धरावा. खड्ड्यात खडक लागतो, जुना पाया निघतो, माल कमी पडतो. रक्कम अपुरी असेल तर कुंपण हलक्या दर्जाचे करण्यापेक्षा टप्पे पाडावेत: पहिल्या वर्षी मोजणी, खुंट, पाया आणि रस्त्याची बाजू, बाकीच्या तीन बाजूंना तूर्त तार, पुढच्या हंगामात भिंत. तारेचे खांब रेघेवर असले की नंतरची भिंत त्यांच्याच ओळीत जाते. दरवर्षी पावसाळ्यानंतर एक दिवस फेरी मारून तार ताणणे, गंजलेल्या जागी रंग देणे, पाण्याची भोके साफ करणे यांसाठीही थोडी रक्कम बाजूला असावी.

कुंपणाच्या अंदाजपत्रकात पहिली ओळ मोजणीची, दुसरी शेजाऱ्याशी केलेल्या लेखी समजुतीची आणि तिसरी पाण्या-वाटेची असावी. लोखंड, सिमेंट आणि मजुरी त्यांच्या खाली लिहावी. तार गंजली तर बदलता येते, भिंत तडकली तर सांधता येते. चुकीच्या रेघेवर उभे केलेले कुंपण मात्र कितीही भारी मालाचे असले तरी महागच पडते, आणि त्याचा खर्च मुलांच्या नावावर चढतो. ज्यांना येत्या हंगामात कुंपण घालायचे आहे, त्यांनी दुकानात जाण्याआधी मोजणीचा अर्ज भरावा आणि त्याच संध्याकाळी शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसावे.